जगायला जाण्याआधी

दाभोशाच्या कुठल्याही पाड्यावरच्या अंगणवाडीत जा, तिथे वजनकाटा असतोच. १९९२ साली याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने शंभराहून अधिक बालकं दगावली आणि तेव्हापासून इथल्या पोरांच्या अंगाकडे सरकारचं लक्ष गेलं. वजन, उंची, दंडाचा घेर सगळं सेविकाताईंच्या वहीत उतरतं. पोर वाळलं तर महिनाभरात कुणीतरी घरी येऊन विचारतं. तेच पोर अचानक गप्प झालं, झोपेत दचकायला लागलं, एखाद्या माणसाला पाहून आईच्या पाठीमागे दडायला लागलं, तर ते लिहायला वहीत रकाना नाही. तो घरानेच भरायचा आहे. कसा, ते सांगण्यासाठी हा लेख.

विषय मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा आहे. हा शब्द उच्चारायला जड जातो, म्हणून आपण ‘तसलं काही’ म्हणतो आणि पुढे जातो. मोठी माणसं ज्या गोष्टीचं नावही घेत नाहीत, ती पोरानं त्यांना सांगायची तरी कोणत्या शब्दांत?

आपल्या भागात वर्षाचं गणित ठरलेलं आहे. पावसात नागली, वरई, भाताची आवणी. दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी उरकली की माणसं ‘जगायला’ जातात. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामावर, सिल्वासाकडे. होळीला दोन दिवस येतात, पुन्हा जातात, ते पावसाच्या तोंडावर परततात. पोरांपुढे तीन वाटा उरतात. आश्रमशाळेत राहायचं, गावी आजीकडे किंवा चुलत्याकडे राहायचं, नाहीतर आईबापाबरोबर भट्टीवर जायचं. तिन्ही वाटांवरचा धोका वेगळा आहे. शाळेच्या बसवर लक्ष ठेवा, सोसायटीच्या वॉचमनला ओळखून असा, हा शहरातला सल्ला इथे कामाचा नाही. ज्या आईला महिनोन् महिने पोराचं तोंड दिसणार नाही, तिने लक्ष ठेवायचं कसं? तिच्यासाठी माझं एकच सांगणं आहे. पोर जिथे राहील तिथे त्याचं ऐकणारं एक माणूस नेमून द्या, आणि त्या माणसाला ऐकायचं कसं तेही समजावून द्या.

परका क्वचितच असतो

पावसाळ्यात शनिवार-रविवारी दाभोशाच्या धबधब्यावर बाहेरच्या गाड्या येतात. पोरं त्यांच्या मागे पळतात, कुणी बिस्किटं देतं, कुणी फोटो काढतं. पोरांनी एकट्यानं गाडीजवळ जाऊ नये, अंघोळ करतानाचे फोटो कुणाला काढू देऊ नयेत, हे सांगायलाच हवं. पण सगळा संशय तिकडेच खर्च करू नका. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. निम्म्याच्या आसपास प्रकरणांत करणारा ओळखीचा आणि विश्वासातला होता. सोसणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. पोलिसांपर्यंत पोचलेल्या गुन्ह्यांत तर दरवर्षी दहातली नऊपेक्षा जास्त प्रकरणं ओळखीच्या माणसाची असतात. मामा, चुलता, शेजारचा दादा, शाळेतला शिपाई, मास्तर, मुकादम, कधी घरातलाच बाप. आपण ज्यांना ‘आपले’ म्हणतो त्यांच्यापैकीच कुणीतरी.

असा माणूस पहिल्या दिवशी हात लावत नाही. तो आधी घराचा विश्वास कमावतो. उसने पैसे देतो, दारू पाजतो, पोराला चप्पल आणून देतो, मोबाइल हातात देतो. मग पोराला वेगळं काढायला लागतो: ‘याला माझ्याबरोबर पाठवा, जत्रेला नेतो.’ मग गंमत म्हणून गुपित ठेवायला लावतो, आधी साधं, मग अंगाचं. पोर घाबरून गप्प बसतं तसंच लाजेनं आणि उपकाराच्या ओझ्यानंही गप्प बसतं. त्याला तो माणूस आवडतही असतो. म्हणून एखादा मोठा माणूस एका ठराविक पोरावरच फार खर्च करत असेल, त्याला एकट्यालाच न्यायला बघत असेल, तर भांडण न करता एवढंच म्हणा, ‘सगळी पोरं येतील, नाहीतर कुणीच नाही.’ चांगल्या माणसाला या वाक्याचा राग येत नाही.

करणारा कधी कधी स्वतःही अठराच्या आतलाच असतो. वसतिगृहात मोठी मुलं लहानग्यांना छळतात, त्यातही हे येतं. ‘पोरंच आहेत, खेळात झालं’ म्हणून सोडू नका. लहान पोराला तितकीच इजा होते, आणि मोठ्या मुलालाही वेळीच थांबवणारं, समजावणारं कुणीतरी लागतं. त्याला झोडपून काढण्याने ते होत नाही. अपंग, मतिमंद किंवा बोलता न येणाऱ्या मुलांना तर दुप्पट जपा. त्यांचं कुणी खरं मानणार नाही, हा हिशोब करणारा आधीच करून बसलेला असतो.

दिवाळीची सुट्टी

बुलढाणा जिल्ह्यात खामगाव तालुक्यातल्या पाळा इथल्या निवासी आश्रमशाळेचं प्रकरण २०१६ च्या नोव्हेंबरात राज्यभर गाजलं. आदिवासी मुलींवरचा अत्याचार तिथे शाळेच्या भिंतीआडच राहिला होता. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर पोटदुखीची तक्रार निघाली आणि तिथून उलगडा झाला. जी गोष्ट शाळेतून बाहेर आली नाही, ती घरातल्या माणसाला कळली, कारण पोर घरी होतं आणि कुणीतरी ‘काय होतंय?’ असं विचारत होतं.

राज्यात पाचशेच्या आसपास शासकीय आश्रमशाळा आहेत, जवळपास तितक्याच अनुदानित. जव्हार-मोखाड्यातली किती तरी पोरं पहिलीपासून तिथेच झोपतात. आश्रमशाळेनं या भागाला शिक्षण दिलंय, दोन वेळचं जेवण दिलंय. पोरं काढून घ्या असं मी म्हणणार नाही. पण दिवाळीची सुट्टी म्हणजे आश्रमशाळेतलं पोर घरी येण्याचे आणि आईबाप जगायला निघण्याचे दिवस. वर्षातले हेच थोडे दिवस हातात असतात. झोडणीच्या धांदलीतून दोन संध्याकाळी काढा.

पहिल्या संध्याकाळी काही शिकवू नका, फक्त विचारा. ‘अभ्यास कसा चाललाय?’ असं विचारलं की ‘बरा’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा असं विचारा: रात्री कुणाच्या शेजारी झोपतोस? अंघोळीला कुठे जाता, दाराला कडी आहे का? आजारी पडलास तर कोण बघतं? कुठल्या सरांचा, कुठल्या दादाचा कंटाळा येतो? पोरांना सगळ्यात जास्त कोण आवडतं, का आवडतं? नेहमी बोलणारं पोर एखाद्या नावापाशी थबकलं, विषय बदलायला लागलं, तर तिथेच खोदू नका. पण ते नाव लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी बकऱ्या वळताना, लाकडं आणताना पुन्हा त्या नावापर्यंत या. समोरासमोर बसवून विचारण्यापेक्षा हाताला काम असताना पोरं जास्त बोलतात.

दुसऱ्या संध्याकाळी सांगा. अंगाच्या सगळ्या भागांना नावं असतात, ती आपल्या बोलीत सांगा: वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, ज्या घरात जी बोली असेल तिच्यात. ही नावं घाण नाहीत. जे पोर ‘इथं दुखतंय’ असं बोट दाखवून लाजतं, त्याला नाव माहीत असलं तर ते पटकन सांगू शकतं. पुढे पोलिसांसमोर, डॉक्टरांसमोरही त्या नावाचा उपयोग होतो. मग नियम सांगा, थोडेच: चड्डीत झाकलेल्या जागेला कुणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, स्वतःची दाखवायची नाही, फोटो काढायचा नाही. लहान असताना आई धुते, आजारी पडलं की आईसमोर डॉक्टर बघतात, तेवढंच. आणि अंगाचं गुपित नसतं. ‘कुणाला सांगू नको’ असं ज्याने म्हटलं, त्याचीच गोष्ट आधी सांगायची.

‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ हे आता बऱ्याच शाळांत शिकवतात. ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. दुखणारा स्पर्शच वाईट, असं पोराच्या मनात बसतं. करणारा गोंजारून करतो, गुदगुल्या करतो, खाऊ देतो. तेव्हा पोर गोंधळतं आणि ‘मला बरं वाटलं म्हणजे माझीच चूक’ असं समजून बसतं. म्हणून स्पर्श कसा होता यापेक्षा जागा कोणती होती आणि गुपित ठेवायला लावलं का, हे दोन प्रश्न पोराला द्या. आणखी एक: ‘ओरडायचं, पळायचं’ हे सांगा, पण त्यापुढे हेही सांगा, ‘ओरडता आलं नाही तरी चालेल. नंतर सांगितलंस तरी चालेल. खूप दिवसांनी सांगितलंस तरी मी ऐकेन.’ भीतीने माणूस थिजतो, मोठा माणूसही थिजतो. जे पोर ओरडलं नाही त्याला वाटतं, आता सांगितलं तर मार बसेल.

मोठ्यांचं ऐकायचं, उलट बोलायचं नाही, हे आपण लेकरांना पाळण्यातून शिकवतो. त्यातच एक सवलत ठेवा. मामाच्या मांडीवर बसायचं नसेल तर बसू नको. पाहुण्याला पापी द्यायची नसेल तर हात जोडून राम राम कर. घरात चारचौघांत ‘नको’ म्हणायची मुभा मिळाली तरच एकांतात ते तोंडातून निघेल.

आता माणूस नेमायचा. पोराला विचारा, ‘मी नसेन तेव्हा तू कुणाला सांगशील?’ नाव पोरानेच सांगायचं, आपण लादायचं नाही. आश्रमशाळेत ती एखादी बाई असेल, स्वयंपाकीण मावशी असेल, वरच्या वर्गातली पाड्यावरचीच ताई असेल. गावात आजी असेल, आशाताई असेल. मग त्या माणसाकडे स्वतः जा आणि पोरासमोर सांगा, ‘हिने काही सांगितलं तर खोटं म्हणू नका, रागावू नका, मला त्याच दिवशी फोन करा.’ मुकादमाचा नंबर, भट्टीजवळच्या दुकानाचा नंबर, जो लागेल तो लिहून द्या. पोराला एक नंबर पाठ करवा: १०९८. हा मुलांसाठीचा मोफत नंबर आहे, दिवसरात्र चालतो. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा आता सरकारच चालवतं. तो आठवला नाही तर ११२ वर फोन केला तरी चालतो.

राज्य शासनाच्या १० मार्च २०२२ च्या निर्णयानुसार शाळाशाळांत सखी सावित्री समिती असायला हवी. तिच्यात पालकही असतात. सुट्टी संपल्यावर पोराला सोडायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांना सरळ विचारा, समितीत कोण आहे, तक्रारपेटी कुठे आहे, ती कोण उघडतं, मुलींच्या खोल्यांशेजारी रात्री बाई राहते का. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव. ग्रामसभेत रस्ता, पाणी, रोजगार हमी यांवर तासन्‌तास बोलतो. जगायला कोण जातंय आणि कुणाची पोरं मागे राहताहेत याची यादी दिवाळीआधी एकदा ग्रामसभेत वाचा. यादीतल्या प्रत्येक घरी आशाताई महिन्यातून एकदा डोकावली तरी खूप झालं.

पोरं भट्टीवर बरोबर येणार असतील तर गोष्ट आणखी वेगळी. तिथल्या भोंग्याला, म्हणजे राहायच्या झोपडीला, धड दार नसतं. आईबाप पहाटे अंधारात विटा पाडायला जातात आणि पोरं झोपलेली असतात. विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या, तेव्हा अक्षरओळखीबरोबर आणखी एक लाभ झाला होता, दिवसभर पोरं एका ओळखीच्या माणसाच्या नजरेखाली राहिली. आज तशी शाळा नसली तर भट्टीवरच्या आयांनी मिळून पाळी लावा. एका पहाटे एक बाई मागे थांबेल, सगळ्यांची पोरं एका भोंग्यात झोपतील. तिची मजुरी बुडते, ती बाकीच्यांनी वाटून भरायची. मुलींना झाड्याला एकटं पाठवू नका, दोघी-तिघी जाऊ देत. दारू पिऊन पडणाऱ्या पाहुण्याला पोरांच्या शेजारी जागा देऊ नका, तो सख्खा असला तरी. आणि मोबाइल: पोराच्या हातात फोन देणारा माणूस कोण आणि तो काय दाखवतो, हे बघा. कुणी घाणेरडा फोटो पाठवला, धमकी दिली, तर चिडून पुसू नका. तो पुरावा आहे.

पोरानं सांगितलं तर

हा भाग हळू वाचा.

पोर सांगतं ते सरळ सांगत नाही. तुकड्या-तुकड्यानं सांगतं, कधी ‘माझ्या मैत्रिणीचं असं झालं’ म्हणून सांगतं, सांगून हसतं, आणि दुसऱ्या दिवशी ‘मी खोटं बोललो’ असंही म्हणतं. ते खोटं नसतं, तुमच्या चेहऱ्याला घाबरून मागे घेतलेलं असतं. त्या क्षणी तुमच्या पोटात खड्डा पडेल. तरी चेहरा शांत ठेवा आणि एवढंच म्हणा: ‘बरं केलंस सांगितलंस. तुझी काही चूक नाही. मला तुझं खरं वाटतं. आता हे थांबवायचं काम माझं.’ एवढी चार वाक्यं पाठ करून ठेवली तरी चालतील. ‘तू तिथे गेलीसच का?’, ‘आधी का नाही सांगितलंस?’, ‘कपडे कसले घातले होतेस?’ यातलं एकही विचारू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही.

बाप कुऱ्हाड घेऊन निघाला तर आईने त्याला दारातच अडवावं. पोराला वाटतं, मी बोललो म्हणून बाबा तुरुंगात जाणार. ते पुढचं काहीच सांगत नाही. घडलेलं पुन्हा पुन्हा, दर पाहुण्यापुढे वदवून घेऊ नका. एकदा ऐकलं ते पोराच्याच शब्दांत, बोलीत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर आशाताईकडून लिहून घ्या.

प्रकार नुकताच घडला असेल तर पोराला लगेच अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते सुकवून कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये ते ओलाव्यानं खराब होतात. आणि दवाखाना गाठा: जव्हारचं पतंगशहा रुग्णालय, मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय, जे जवळ पडेल ते. उपचार मोफत आहेत, सरकारीच काय खासगी दवाखान्यातही. ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. बहात्तर तासांच्या आत पोचलात तर एचआयव्ही आणि गर्भधारणा टाळायची औषधं देता येतात, पुरावाही सापडण्याची शक्यता जास्त असते. उशीर झाला असेल तरी जा. मुलीची तपासणी बाई डॉक्टरच करतील, आणि आई किंवा पोराच्या विश्वासातलं माणूस तिथे थांबेल. बोटं घालून कौमार्य तपासण्याची जुनी पद्धत आता बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती पुन्हा स्पष्ट शब्दांत नाकारली. कुणी करू लागलं तर ‘नाही’ म्हणा.

मुलगी गरोदर राहिली असेल तर लाजेने घरात कोंडू नका आणि गावठी औषध देऊ नका. त्यात जीव जातो. अठराच्या आतल्या मुलीला चोवीस आठवड्यांपर्यंत कायद्याने गर्भपात करून घेता येतो. सोळा-सतराची पोरं मर्जीने एकत्र राहायला लागली, असंही आपल्याकडे घडतं, आणि पोलिसांच्या भीतीने घरचे दवाखानाच टाळतात. २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे अशा मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांना पोलिसांकडे तिचं नाव उघड करावं लागत नाही. भीतीपेक्षा जीव मोठा, आधी डॉक्टरांकडे न्या.

मग पोलीस. १४ नोव्हेंबर २०१२ पासून मुलांसाठी वेगळा कायदा आहे, त्याला सगळे पोक्सो म्हणतात. अठराच्या आतल्या मुलाला असो की मुलीला, तो सारखाच लागू. ज्याला ज्याला कळलं त्याने पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्याचं झाकलं तर वर्षापर्यंत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला, तेव्हा पालकांना तक्रार नोंदवायला अकरा-बारा तास ताटकळावं लागलं. संतापलेल्या लोकांनी २० ऑगस्टला रेल्वे रोखली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही न कळवल्याचा गुन्हा लागला. तेव्हा ‘शाळेची बदनामी होईल, आपण आपसात बघू’ असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

जे हक्क आहेत ते मागावे लागतात, म्हणून लक्षात ठेवा. जबाब घरी किंवा पोर म्हणेल तिथे, शक्यतो बाई अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, विश्वासातल्या माणसासमोर घ्यायचा. पोराला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. पोराला मराठी नीट येत नसेल तर त्याच्या बोलीचा दुभाष्या मागा. पोरानं जे शब्द वापरले तेच जबाबात आले पाहिजेत, कारण ‘गैरकृत्य केले’ असं गुळगुळीत मराठी लिहिलं की कोर्टात नेमकं काय झालं तेच उरत नाही. एफआयआरची प्रत मोफत मिळते. भट्टी भिवंडीला, घटना तिथली, पण तुम्ही गावी परत आलात? जव्हारच्या ठाण्यातही तक्रार घ्यावीच लागते, ते पुढे पाठवतात. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. समितीकडे दोन गोष्टी मागा. एक, सहायक व्यक्ती, म्हणजे कोर्ट संपेपर्यंत घराबरोबर राहून समजावणारं, बरोबर येणारं माणूस. दुसरी, तातडीची मदत, गाडीभाडं, कपडे, जेवण यांसाठी. समितीच्या शिफारशीनंतर ती आठवड्याभरात मिळायला हवी. मजुरी बुडवून पालघरपर्यंत खेटे घालणाऱ्या घराला ही रक्कम थोडी वाटली तरी तिच्यावर पुढची तारीख गाठता येते. राज्याची मनोधैर्य योजनाही आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत, गुन्ह्याच्या स्वरूपानुसार जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत. वकील मोफत हवा तर १५१०० वर फोन करा.

‘कपड्यावरूनच तर हात लावला, गुन्हा काय झाला?’ असंही ऐकाल. २०२१ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जवळपास तसाच अर्थ काढला होता. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. हात कातडीला लागला की कपड्याला, याने फरक पडत नाही. लैंगिक हेतूने लावला का, एवढंच पाहायचं.

आता सगळ्यात अवघड. पाड्यावर पंच बसतात, दंड ठरतो, बोकड-दारूचं जेवण होतं आणि ‘मिटलं’ म्हणतात. कधी त्याच माणसाशी मुलीचं लग्न लावून मिटवतात. आपले पंच शेताच्या बांधाची, पाण्याची भांडणं शहाणपणाने सोडवतात, त्यांचा मला आदर आहे. पण हा वाद दोन घरांमधला नाही. दंड घेतला बापाने, सोसलं पोराने. कायद्यानेही हे मिटवता येत नाही; ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या एका प्रकरणात, घरच्यांनी तडजोड केली तरी असा खटला बंद होत नाही, असं बजावलं. पंचांना खरंच मदत करायची असेल तर त्या घराच्या बाजूने ठाण्यात चला. आणि पोराचं नाव, फोटो, शाळा व्हॉट्सॲपवर टाकू नका. तोसुद्धा गुन्हा आहे.

नंतरचे दिवस

तक्रार झाली, माणूस पकडला गेला, की नातेवाईक निघून जातात. पोराचं खरं काम तेव्हा सुरू होतं. सहा वर्षांचं पोर पुन्हा अंथरूण ओलं करतं, अंगठा चोखतं. आठवीतली मुलगी पुस्तक उघडून तासभर एकाच पानावर असते. कुणी सारखं अंग धुतं, कुणी चिडून भावंडांना मारतं, कुणी आधीसारखंच हसत-खेळत राहतं आणि आठ महिन्यांनी कोर्टाची तारीख आली की जेवण सोडतं. यातलं काही वेड नाही. अंगाला लागलेला मार जसा ठणकतो तसा हा ठणकतो. अंथरुणासाठी रागावू नका. दिवसाचा क्रम जुनाच ठेवा: पाणी, शेळ्या, शाळा, जेवण. जवळ घेण्याआधी ‘घेऊ का?’ असं विचारा. त्याच्या अंगावर त्याची मर्जी चालते हे त्याला पुन्हा पटावं लागतं. आठवण काढून रडलं तर रडू द्या, आणि खेळायला गेलं तर ‘एवढं झालं तरी खेळतेय’ असं कुणी म्हणू नये.

झोपेत ओरडतं म्हणून घरचे भगताकडे नेतात. भगताकडे जाऊन मनाला धीर येत असेल तर जा, फक्त पोराला उपाशी ठेवणं, चटके देणं, घुमवणं होऊ देऊ नका, आणि त्याच्याबरोबर १४४१६ वर फोनही करा. मानसिक आरोग्याची ही सरकारी सेवा मोफत आहे, मराठीतून बोलतात, आईलाही बोलता येतं. मुंबईत २००६ पासून ‘अर्पण’ ही संस्था याच एका विषयावर मुलं, पालक आणि शिक्षकांबरोबर काम करते. शिक्षकांनी त्यांचं साहित्य जरूर पाहावं.

मुलग्यांचं दुःख आणखी आत दडतं. ‘पोराला काय होतंय’ म्हणून हसण्यावारी नेतात, आणि त्याला वाटतं आपण पुरुषच राहिलो नाही. त्यालाही तीच चार वाक्यं सांगा.

मुलीची शाळा सोडवू नका आणि लग्नाची घाई करू नका. ‘आता हिला कोण करणार’ हे वाक्य तिच्या कानावर पडू देऊ नका. घाव घालणाऱ्याने घातला, शिक्का मात्र आपण मारतो. शाळा बदलायची असेल तर तिला विचारून बदला, मास्तरांना हवं तेवढंच सांगा. करणारा घरातला असेल तर घर त्याने सोडावं, पोराने नाही. कमावता माणूस घराबाहेर गेला की चूल कशी पेटेल, हा आईचा प्रश्न खरा आहे. रेशन, रोजगार हमी, समितीची मदत, माहेर, यांची जोडणी गावाने करून द्यायची असते.

आणि त्या आईकडेही बघा. ती रात्री विचार करत असते, मी जगायला गेले नसते तर. तिने पोट भरायला पाऊल बाहेर टाकलं होतं, गुन्हा दुसऱ्याने केला. कित्येक आयांवर लहानपणी हेच ओढवलेलं असतं आणि लेकीचं ऐकताना त्यांचं स्वतःचंही वर येतं. तिला एखादी बहीण, एखादी सेविकाताई मिळाली, जिच्यापाशी ती बोलू शकेल, तर ती लेकीसाठी उभी राहते. जगभरच्या अभ्यासांत हेच पुन्हा पुन्हा दिसलंय: घरातल्या एका मोठ्या माणसाने खरं मानलं आणि पाठीशी उभं राहिलं, तर पोरं सावरतात. शिकतात, प्रेमात पडतात, संसार करतात, जत्रेत तारप्यावर नाचतात.

होळीला तुम्ही घरी याल. पोर शाळेतून आलेलं असेल किंवा आजीच्या दारात वाट बघत असेल. दोनच दिवस असतील आणि शंभर कामं. पहिल्या संध्याकाळी शिमग्याची लाकडं दुसऱ्या कुणाला आणू द्या. पोराला घेऊन नदीवर जा, पाय पाण्यात सोडून बसा आणि विचारा, ‘मी नसताना तू कुणाकुणाला काय काय सांगितलंस?’